असायला हवं, पण दिसायला नको

नाही नाही नाही, ते नका उघडू! ते भांडी धुण्याचं मशीन आहे... आणि ते तर अजिबात नको, तिथं कचरा आहे... फ्रिज ना? फ्रिजच शोधताय ना तुम्ही? शोधा, सावकाश शोधा. पाणी मागितलंत, गार मागितलंत, चुकलं काहीच नाही तुमचं. पण तुम्हाला सांगतो, या स्वयंपाकघरात पहिल्या फटक्यात फ्रिज सापडलेला माणूस मी अजून बघितलेला नाही, आणि मी इथं राहतो! ही दारांची रांग बघा. एकच लाकूड, एकच रंग, एकसारख्या पितळी खिट्ट्या. ओळखा बघू, मायक्रोवेव्ह कुठंय? चुकलात. पिठाच्या कोठीत आहे. पीठ कुठंय? ते विचारू नका, ते आम्हालाही माहीत नाही. आणि प्लग? भिंतीवर एक तरी प्लग दिसतोय? नाहीत असं नाही हो, आहेत! त्या फळीच्या खाली हात घालायचा आणि चाचपायचं. सकाळी उठून कॉफीसाठी मी माझ्याच घरात चोरासारखा चाचपत असतो, माहितीय? का? तर असायला हवं, पण दिसायला नको!

बसा. नाही, त्या कोपऱ्यातल्या बाकावर नको, तिथं बसलात तर उठता येणार नाही, ते पुढं सांगतोच.

तर हे सगळं सुरू झालं सासूबाईंच्या एका फोनवरून. सासूबाई म्हणजे बर्निस. हे घर त्यांचं, त्या लहानाच्या मोठ्या इथंच झाल्या, लग्न होऊन इथंच राहिल्या, माझी बायको कॉलीन इथंच जन्मली. सासरे गेले, मग सासूबाईंचा खुबा मोडला, मग त्या तिकडं लिफ्टवाल्या म्हाताऱ्यांच्या इमारतीत राहायला गेल्या आणि घर आम्हाला दिलं. दिलं म्हणजे... राहायला दिलं. कागदावर नाव त्यांचंच. आणि एके दिवशी फोन. 'ड्वाइट,' म्हणतात, 'मला इथल्या जेलीचा कंटाळा आलाय.' मी म्हटलं, 'दुसरी जेली आणून देऊ?' 'जेली नको मला,' म्हणतात, 'निर्णय हवाय. एक तर मी घरी परत येते, नाहीतर घर विकते आणि ॲरिझोनाला माझ्या मैत्रिणीच्या, डोलोरेसच्या शेजारी जाऊन राहते. तिच्याकडं पोहायचा तलाव आहे.' मी म्हटलं, 'बर्निस, तुम्हाला पोहता कुठं येतं?' त्या म्हणाल्या, 'तलाव असतो बघायला. आता नीट ऐक. मी परत यायचं असेल तर ते स्वयंपाकघर माझ्या आईच्या वेळी होतं तसं पाहिजे. तसंच्या तसं! तू मध्यंतरी त्यात जो काचेचा दवाखाना करून ठेवलायस, तो काढ. पण एकही ताट मी हातानं धुणार नाही, आणि बर्फाची लादी उचलणार नाही, सांगून ठेवते.' झालं! फोन बंद.

कॉलीननं सगळं ऐकलं. मागच्या दारात जाऊन उभी राहिली. तिथं तिच्या बाबांनी लावलेलं लिंबाचं झाड आहे, त्याच्याकडं बघत म्हणाली, 'हे घर गेलं ना, तर मला कुठं जायचं तेच कळणार नाही, ड्वाइट.' इतकंच. आता तुम्ही सांगा, त्यानंतर मी काय म्हणणार होतो? मी म्हटलं, करू! आईच्या वेळचं तर आईच्या वेळचं! त्यात काय एवढं?

त्यात काय एवढं... हसताय ना? हसा.

आमच्या या पॅसाडेनाच्या गल्लीत ना, नवा माणूस भेटला की आधी घराचं साल सांगतो आणि मग आठवलं तर स्वतःचं नाव. 'आमचं दहाचं.' 'आमचं चौदाचं, पण खिडक्या अस्सल.' पोरांचे वाढदिवस विसरतील, घराचा विसरणार नाहीत. आमचं बाराचं. एकोणीसशे बारा. मग शेजाऱ्यांनीच सुचवलं की प्रेस्कॉटला बोलवा. प्रेस्कॉट म्हणजे जुन्या घरांचा जाणकार. गळ्यात रेशमी रुमाल, हातात भिंग, आणि बोलणं असं की घरात मयत झालीय. आत आला, डोळे मिटले, भिंतीला गाल लावला आणि म्हणाला, 'हिला... फार... सोसावं लागलंय.' कुणाला? भिंतीला! मी इतकी वर्षं इथल्या तुंबलेल्या मोऱ्या मोकळ्या करतोय, माझ्या पाठीला कुणी कधी गाल लावला नाही!

आणि मग त्याचं सुरू झालं. टोस्टर बघितला. 'बारा साली... हे नव्हतं.' नळ बघितला. 'बारा साली... हे नव्हतं.' माझ्या हातातल्या कॉफीच्या मगाकडं बघितलं, त्यावर आमच्या बेसबॉलच्या संघाचं चित्र आहे, आणि नुसते डोळे मिटले. मी म्हटलं, 'अहो, सासूबाईंना मशीन पाहिजे, फ्रिज पाहिजे, सगळं पाहिजे!' तर हसला. तोवर मी त्याला हसताना बघितलं नव्हतं आणि परत बघायची इच्छा नाही. म्हणाला, 'असू दे की. असायला हवं... पण दिसायला नको.'

तिथून जे सुरू झालं! फ्रिज गेला बर्फाची लादी ठेवायच्या जुन्या लाकडी बर्फपेटीच्या पोटात. भांड्यांचं मशीन खोट्या खणांच्या मागं. ते खण एकेक उघडत नाहीत, सगळं मिळून मशीनचं एकच दार आहे, मी एकदा चमच्यासाठी ओढून नख उलटं करून घेतलंय. शेगडी सहा पायांची, जुन्या बाजारातून आणलेली, पण आत पेटवायला विजेची ठिणगी. आणि स्क्रू! तुम्हाला सांगतो, नुसत्या स्क्रूंवर माझं लग्न मोडायची वेळ आली होती. फुलीवाला स्क्रू चालणार नाही, बारा साली फुलीचा स्क्रू नव्हता! एका फटीचा पाहिजे, आणि शेवटी सगळ्यांच्या फटी उभ्या पाहिजेत, एकही तिरकी नको! मी गुडघ्यावर बसून दारोदार फटी उभ्या करत फिरत होतो. का? कोण बघणार होतं? 'घराला कळतं,' म्हणे.

आणि हे कपाट. हे खरं. म्हणजे बाराचंच, मूळचं. उघडून बघा, गार वारा लागतोय? खाली जमिनीतून हवा येते, वर छपरातून जाते, मधे जाळीच्या फळ्या. फ्रिज नव्हते तेव्हा यात लोणी-अंडी ठेवायचे. नव्या भिंतीमागं बुजवलेलं सापडलं तेव्हा प्रेस्कॉट रडला. खरंच रडला हो, मी त्याला कागदाचा रुमाल दिला तर म्हणाला, 'कापडाचा नाहीये?'

आता याच कपाटात माझा घात झाला, म्हणून नीट ऐका. सगळं झाल्यावर सरकारी निरीक्षक आला. भला माणूस. म्हणाला, 'सगळं छान, पण धुराचा अलार्म कुठंय? तो छताला पाहिजे.' लावला. पांढरा, प्लॅस्टिकचा, गोल बशीसारखा, या दाराच्या वर. निरीक्षक खूश, सही करून गेला. प्रेस्कॉट आला, वर बघितलं, आणि छातीवर हात ठेवून खुर्चीत बसला. काही बोलला नाही! बोलला असता तर मी भांडलो असतो. पण तो माणूस ज्या पद्धतीनं गप्प बसला ना... मी त्याच संध्याकाळी तो अलार्म काढला आणि या कपाटात पार वर, जाळीच्या मागं नेऊन लावला. लावताना त्यातला चौकोनी सेल पडला आणि घरंगळत खालच्या जाळीतून गेला जमिनीखाली. मग मी गॅरेजमधल्या सटरफटर वस्तूंच्या डब्यातला एक जुना घातला. प्रत्येक घरात असतो तो डबा, खोटं बोलू नका. त्यातले सेल चालू की बंद ते परमेश्वराला ठाऊक. वर जाळी बसवली. स्क्रू लावले. सगळ्यांच्या फटी उभ्या केल्या! आणि कॉलीनला सांगायचं... राहून गेलं. अलार्म असायला हवा, पण दिसायला नको!

आणि मग आला तो रविवार. वाळवंटाकडून गरम वारं सुटलेलं, खिडक्या थडथडतायत, आणि सासूबाई जेवायला. जेवायचं, स्वयंपाकघर बघायचं आणि तिथल्या तिथं निकाल द्यायचा, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. कॉलीननं आजीच्या पद्धतीचा खिम्याचा मीटलोफ केला, गाजर घातलेली जेली केली, नको म्हटलं होतं मी जेली. सासूबाई काठी टेकत आत आल्या, एकदा इकडून तिकडं मान फिरवली... बसल्या. कुठं? त्या कोपऱ्यातल्या बाकावर. समोरासमोर दोन बाकं, मधे टेबल, सगळं भिंतीत ठोकलेलं, प्रेस्कॉटनं बारा सालच्या मापानं करून घेतलेलं. आणि बारा सालची माणसं, मला वाटतं, जेवत नसावीत! मी आधीच आत भिंतीला लागून बसलेलो, माझं पोट टेबलात अडकलेलं, आणि बाहेरच्या टोकाला माझ्या शेजारी बर्निस, त्यांचा तो खुबा आणि ती काठी. म्हणजे मी बंद! त्या उठल्याशिवाय मी उठू शकत नाही!

पहिला घास घेतला. आणि...

चूं.

मी कॉलीनकडं बघितलं. कॉलीननं माझ्याकडं बघितलं. वारा असेल, नाही का? खिडकी असेल. दुसरा घास.

चूं.

आता तुम्हीच सांगा, ज्या स्वयंपाकघरात एकही यंत्र दिसत नाही, तिथं नेमकं कोण ओरडतंय ते कळणार कसं? कॉलीन उठली. 'मीठ आणते हं!' बर्फपेटी उघडली, फ्रिजचं दार दाबून लावलं. बसली. चूं. 'मिरी राहिली!' खोटे खण ओढले, मशीन बंद केलं. बसली. चूं. 'चमचा!' पिठाच्या कोठीत डोकं घातलं, मायक्रोवेव्हला कान लावून ऐकतेय. सासूबाई शांतपणे मीटलोफ चावतायत. म्हणाल्या, 'कॉलीन, चमचा पिठात कधीपासून ठेवता तुम्ही?'

आणि तेवढ्यात मला उमगलं. अलार्म! डब्यातला सेल! सेल संपत आला की तो मेला असाच ओरडतो, थांबून थांबून, जीव जाईपर्यंत! आणि तो आहे कुठं? तर माझ्या पाठीमागच्या भिंतीच्या पलीकडं, दोन हातांवर, बारा उभ्या फटींच्या मागं! आणि मी इथं बाकात पाचर मारल्यासारखा! मी कॉलीनला डोळ्यांनी खुणा केल्या. ती ओठ हलवून विचारतेय, काय? मी वर दाखवतोय, तिला वाटतंय छत गळतंय. मग मी काय केलं... टेबलाखालून निसटायचं ठरवलं. हळूच सरकलो. अर्धा खाली गेलो, तिथं खांदे अडकले.

'ड्वाइट,' वरून आवाज आला, 'टेबलाखाली काय करतोयस?'

'रुमाल पडला, बर्निस.'

'रुमाल तुझ्या गळ्यात आहे.'

'दुसरा... दुसरा पडला.'

'वर ये,' म्हणाल्या. 'मला बोलायचंय.'

आलो. कसा आलो ते विचारू नका, दोन बटणं तिथंच आहेत अजून. सासूबाईंनी काटा ठेवला. तोंड पुसलं. कॉलीन ओट्याला टेकून उभी, हातातला चमचा तिनं दोन्ही हातांनी धरलेला. आणि त्या म्हणाल्या, 'हे कुणाचं स्वयंपाकघर आहे?'

'तुमच्या आईचं,' मी म्हटलं. 'तसंच्या तसं. बारा सालचं.'

'बारा साली माझी आई जन्मली तरी होती का रे?'

  अहो, आम्ही घराचं साल धरलं होतं! गल्लीतले सगळे धरतात तेच! सासूबाईंचं साल धरायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही, ना माझ्या, ना कॉलीनच्या, ना त्या भिंतीला गाल लावणाऱ्याच्या!

'हे माझ्या आजीचं आहे,' बर्निस म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, तेच वाईट. 'आणि आजीनं याला जन्मभर शिव्या घातल्या. ती बर्फपेटी? तिच्याखाली साचणारं बर्फाचं पाणी उपसून उपसून तिची कंबर गेली. युद्ध संपलं, बाबा परत आले, आणि आईनं पहिलं काय केलं असेल तर ती पेटी स्वतःच्या हातानं ओढत अंगणात नेली आणि कुऱ्हाडीनं फोडली. मी पायरीवर बसून बघत होते. मग फ्रिज आला. पांढरा, गोल खांद्यांचा, एवढा मोठा! आईनं तो दारासमोर ठेवला, रस्त्यावरून दिसावा म्हणून! लोकांना दिसावा म्हणून, ड्वाइट! आणि तुम्ही तो कपाटात कोंडलाय? काय लाज वाटते तुम्हाला त्याची?'

 इतके दिवस गुडघ्यावर बसून मी फटी उभ्या केल्या त्या या बाईच्या शत्रूच्या स्वयंपाकघराच्या!

त्यांनी काठी हातात घेतली. 'डोलोरेस म्हणत होती तेच खरं,' म्हणाल्या, 'सोडलेल्या जागी परत जाता येत नाही.' आणि कॉलीनकडं बघितलंसुद्धा नाही. कॉलीनच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आवाज नाही, नुसतं पाणी. मला इतकं वाईट वाटलं ना त्या क्षणी, स्वतःच्या मूर्खपणाचं, की वाटलं या टेबलासकट उठावं आणि कुऱ्हाड शोधावी. सासूबाई काठीवर भार देऊन उठायला लागल्या. आणि...

चूं.

त्या थांबल्या. अर्ध्या उठलेल्या, तशाच.

मी म्हटलं, संपलं. आता विचारणार, हे काय आहे, आणि मी सांगणार, बर्निस, तुमचं घर जळू नये म्हणून लावायची वस्तू मी लपवून ठेवलीय आणि त्यात मेलेला सेल घातलाय.

चूं.

'हर्बर्ट,' त्या म्हणाल्या.

कोण हर्बर्ट? मी कॉलीनकडं बघितलं. सासऱ्यांचं नाव तर रॉय होतं! मला वाटलं, गेलं यांचं डोकं, आता डॉक्टरला फोन. पण त्या खाली बसल्या. अगदी हळू. म्हणाल्या, 'आईची कॅनरी. त्या खिडकीत पिंजरा असायचा. दुकानदारानं गाणारा नर म्हणून दिला होता, निघाली मादी, मादीला गाता येत नाही. नुसतं चूं करायची. मग बराच वेळ काही नाही. मग परत चूं. आई भांडी घासत असायची तिकडं तोंड करून, आमच्याशी एक शब्द बोलायची नाही, दमलेली असायची. पण हर्बर्टनं चूं केलं की न वळता म्हणायची...'

चूं.

'हो, हो, ऐकलं,' बर्निस म्हणाल्या. त्या कपाटाला! आणि हसल्या, आणि रडल्या, दोन्ही एकदम.

 मग माझी ही खाज बघा, मला गप्प बसवत नाही! मी म्हटलं, 'बर्निस, खरं सांगू का, तो पक्षी नाहीये, तो...'

'धुराच्या अलार्मचा सेल संपलाय,' त्या म्हणाल्या. 'मी म्हातारी आहे ड्वाइट, बावळट नाही. त्या लिफ्टवाल्या इमारतीत ते प्रत्येक मजल्यावर ओरडतात. उद्या नवीन घेऊन छताला लाव, ठळक दिसेल असा. पण कपाटातल्या या जुन्याला हात लावायचा नाही.' मग चमचा उचलला, जेली ओढली. 'कॉलीन, माझी खोली कुठली? आणि तो टोस्टर बाहेर काढून ओट्यावर ठेव. दिसू दे.'

तर असं. आल्या. राहतायत. वरच्या खोलीत नाही, हीच पलीकडची. टोस्टर तो बघा, मधोमध. नवा अलार्म तो बघा छताला, पांढरा. प्रेस्कॉट आला होता, दारातून वर बघितलं आणि तसाच गेला, जाऊ दे. लिंबाचं झाड आहे तिथंच आहे, कॉलीन सकाळी आईला दोन लिंबं तोडून देते आणि दोघी भांडतात, सगळं झकास आहे. मशीनमध्ये भांडी लावली की सासूबाई समोर खुर्ची टाकून बसतात, आणि...

चूं.

दचकू नका हो! 'हो, हो, ऐकलं!' म्हणा, म्हणावं लागतं, आतून त्या ऐकत असतात.

पण माझी अडचण कळली का तुम्हाला? सेल मरतो हो! मरायला टेकलेला सेल आज ना उद्या मरतोच! एकदा हर्बर्ट दुपारपासून गप्प झाला, तर सासूबाई जेवल्या नाहीत, आणि संध्याकाळी मला सहज म्हणाल्या, 'डोलोरेसचा फोन आला होता.' मी धावलो! नवा सेल घातला तर ओरडतच नाही. मेलेला घातला तर कसला ओरडतोय! पाहिजे तो नेमका शेवटच्या घटका मोजणारा! दुकानात जाऊन मागितला, तर पोरीनं मॅनेजरला बोलावलं. सगळी गल्ली पालथी घातली, दहावाल्यांकडं, चौदावाल्यांकडं, लोकांच्या घड्याळांतून, खेळण्यांतून... आता मला बघून दारं लावतात.

हे घ्या पाणी. डावीकडून तिसरं दार होतं. गार आहे ना? प्या, निवांत प्या... आणि जाताना जरा आठवून बघा, तुमच्या त्या सटरफटर डब्यात एखादा चौकोनी सेल असेल का हो? पूर्ण मेलेला नको. थोडी धुगधुगी असलेला.